तुटायची जागा

“उद्या पाण्याला ओढ कशी आहे ते सांगा, मग बांधतो,” मास्तर म्हणाले आणि शेडमधल्या टेबलावरची जिग तळहातावर तोलू लागले.

ओढ भरपूर आणि पाणी खोल, असं बोटीचा कप्तान म्हणाला. मग प्रश्नच मिटला. मास्तरांनी आखूड, पसरट जिग बाजूला सारली. ती गिरक्या घेत सावकाश उतरणारी. ओढीच्या पाण्यात भलतीकडेच जायची. त्यांनी लांब, सडपातळ आणि वजनदार उचलली, सरळ खाली धावणारी. जिग म्हणजे तरी काय, माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा. पण ट्यूनाला तो पळता मासा वाटला पाहिजे. तिच्या वरच्या कडीत गळ, कडीला तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, आणि तंगुसाला रिळाचा दोर, ही बांधणी करता करता मास्तरांचे केस पिकले होते. जेटीवर त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी मात्र त्यांचं कधी पटलं नव्हतं.

या बांधणीत एक गोष्ट चुकवून चालत नाही. तंगूस रिळाच्या दोरापेक्षा कच्चा असावा लागतो. मासा डोईजड झाला तर कुठेतरी तुटायला हवं ना. ती जागा बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवायची असते.

मागच्या खेपेला एका हौशी गिऱ्हाइकाचा भलामोठा ट्यूना अगदी बोटीजवळ आला आणि तंगूस तुटला. तुटायचा तिथेच तुटला, गाठ शाबूत होती. पण साहेबांनी थयथयाट केला आणि जेटीवरच्या टवाळांना चघळायला विषय मिळाला. मास्तरांच्या बांधणीला ते ‘रेशीमगाठ’ म्हणायला लागले. मास्तरांचा राग नाकाच्या शेंड्यावर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. या माणसाकडे मिरवायला हाताची कारागिरी तेवढी होती, आणि नेमकी तीच लोकांनी पायदळी तुडवली.

त्यातून त्या दिवशी संध्याकाळी धाकटा भाऊ शेडच्या दारात डोकावला. तो या कप्तानाच्याच बोटीवर कामाला. मास्तर दोन वेळचं जेवत ते त्याच्याच घरी. “काय दादा, झाली का रेशीमगाठ?” म्हणाला आणि हसत निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. पण परक्याने हसलेलं चालतं हो, घरच्याने हसलेलं जिव्हारी लागतं. मास्तरांनी नेहमीचा तंगूस ठेवून दिला आणि फळीवरचा सगळ्यात जाड काढला, रिळाच्या दोरापेक्षाही भारी. घ्या म्हणाले, तोडून दाखवा आता.

हे धाकट्याला सांगायला हवं होतं. मासा बोटीला लागला की तंगूस हातात धरून त्याला ओढून घ्यायचं काम धाकट्याचं. हातमोज्यावर दोन वेढे घ्यायचे आणि मागे रेलायचं. माशाने शेवटची बुडी मारलीच, तर तंगूस तुटतो आणि हात वाचतो. मास्तरांना हे का माहीत नव्हतं? पण त्या रात्री ते जेवायला गेले आणि गाल फुगवून बसले. सकाळी सांगू म्हणाले, तर उजाडायच्या आत बोट गेलेली.

दुपारी कप्तानाने धाकट्याला उचलूनच जेटीवर आणलं. ट्यूनाने बुडी मारली, तंगूस तुटला नाही. कप्तान सुरी घेऊन पोचेपर्यंत उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

आणि लोक तरी कसे असतात बघा. आठवडा उलटला नाही तोच शेडसमोर गिऱ्हाइकं उभी. माणसाची बोटं तुटली पण मास्तरांचा तंगूस नाही तुटला, अशी कीर्ती झाली होती. त्यांना तशीच बांधणी हवी होती. मास्तरांनी शेडला कुलूप घातलं.

जेवायला मात्र जावंच लागे. धाकट्याची बायको पूर्वीसारखंच ताट वाढायची, आग्रह करायची. एकदा म्हणाली, नशिबाचे भोग दादा, तुम्ही तरी किती मनाला लावून घ्याल. हिला कळलं तर या घराचं दार आपल्याला बंद होईल, ही भीती मास्तरांना पोखरत होती. आणि न सांगता इथे बसून गिळणं त्याहून वाईट होतं.

शेवटी एक दिवस ती स्वयंपाकघरात असताना ते धाकट्याच्या खाटेशी बसले.

“तंगूस मी बदलला होता,” ते म्हणाले. “जाड लावला. तुला सांगितलं नाही.”

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? हातात धरल्याबरोबर कळलं. इतकी वर्षं धरतोय.”

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. “कळलं होतं, तर मग वेढे कशाला घेतलेस रे?”

“तू बांधलेला होता,” धाकटा म्हणाला. “म्हटलं, दादाने काहीतरी विचार केला असेल.”

मास्तरांना रडू आवरेना. म्हातारा माणूस, तोंडावर पंचा धरून हुंदके देत राहिला. धाकट्याने त्यांना गप्प केलं नाही, की माफ केलं असंही म्हटलं नाही.

तेवढ्यात त्याची बायको ताट घेऊन आली. गॅसवर भाजी होती, म्हणून ताट मास्तरांच्या हातात देऊन ती परत आत गेली. धाकट्याला डाव्या हाताने अजून जमत नव्हतं. मास्तरांनी डोळे पुसले, घास कालवला आणि पुढे केला. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. घासाकडे न बघताच त्याने तोंड उघडलं.