सहा नग

टोकाशी एक केस रांगेबाहेर आला होता. काळा, ताठ, बाकीच्यांना न जुमानता एकटाच वर उभा... तिने तो अंगठ्याच्या नखाने आत दाबला, तो पुन्हा वर आला, तिने पुन्हा दाबला, आणि हे चाललेलं असताना तिची नजर मात्र हातातल्या ब्रशवर नव्हती, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका आकड्यावर होती. सहा. कालही सहा, परवाही सहा. गेले अकरा आठवडे रोज सकाळी सहा.

"वहिनी, ठेवा आता तो ब्रश," दीर म्हणाला. "पत्र वाचलंत ना त्यांचं?"

वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना 'वाकड्या मानेचा ब्रश' हे शब्द दुसऱ्याच्या भाषेत कसे परके दिसतात, याचं तिला नवल वाटलं होतं. अकरा आठवड्यांत सात दुकानांत एकही नग खपलेला नसल्यामुळे सदर वस्तू पुढील महिन्यापासून सर्व दुकानांतून काढण्यात येत आहे... सदर वस्तू! बाटलीला खांदा असतो, आणि त्या खांद्याच्या आतल्या बाजूला सरळ ब्रश पोचत नाही, तिथे कायम मळाचं एक पिवळट कडं राहतं, हे नवरा गेला त्या वर्षी मोरीत बसून बाटल्या घासताना तिच्या लक्षात आलं होतं. तशीच उठून ती कारखान्यात आली होती आणि तयार ब्रश गुडघ्यावर दाबून तिने त्याची मान वाकवली होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तारेला पीळ मारणारी दोन यंत्रं आणि पाच बायका. तिथे सरळ ब्रश आधीपासून होत होते, त्यानंतरची एकोणीस वर्षंही होत होतेच, पण तिचा म्हणावा असा हा एकच होता.

"लोकांना नकोय तो," दीर म्हणाला. "आकडेच सांगतायत."

आकड्यांवर दिराचा भारी जीव. दोन वर्षांपूर्वी पत्र पाठवणाऱ्या त्या दुकानांच्या साखळीने—एकतीस दुकानं होती त्यांची—आपल्या साठ्याचे आकडे पुरवठादारांना उघडे करून दिले, तेव्हापासून तर फारच. पूर्वी दुकानातून फोन यायचा, बाई, संपत आलेत हो, पाठवा की. आता फोन नाही आणि माणूसही नाही. कुठल्या दुकानात कुठला माल किती शिल्लक आहे, काल किती खपला, ते रोज सकाळी आपोआप या पडद्यावर उमटायचं, आणि शिल्लक तीनच्या खाली गेली की मागणीसुद्धा आपोआप यायची. ती खूश नव्हती असं नाही. फोनवर ताटकळणं वाचलं होतं. पण सातही दुकानांत सहाच्या खाली यायलाच तयार नसलेला हा आकडा... सहा शिल्लक आहेत म्हणून नवे मागवायचे नाहीत, आणि खपत नाहीत म्हणून सहा शिल्लक.

"भाऊजी, बाकीच्या चोवीस दुकानांत आठवड्याला चार-पाच जातात ना?"

"जातात."

"आणि या सातांत शून्य. लोक कमी घेतील, मला मान्य आहे. पण सात ठिकाणच्या माणसांनी मिळून ठरवून एकही घ्यायचा नाही? इतकी एकी तुम्ही कुठे बघितलीत?"

दीर हसला. "म्हणजे आकडा खोटा म्हणता?"

"खोटाच. तिथे एकही ब्रश नसणार. मी जाऊन बघते."

"आता बघायचं काय राहिलंय त्यात? दिसतंय की इथे!"

तिने ब्रश पिशवीत टाकला आणि ती उठली.

दिसतंय की इथे... बसमध्ये खिडकीशी बसल्यावरही ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. बाहेर गोदामं, पेट्रोलपंप, गाड्या धुण्याचं ठिकाण, पुन्हा गोदामं. त्या वाक्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. दीर मनाने सरळ होता. पण कुठेतरी ते आधी ऐकलं होतं. हेच शब्द नव्हेत—हाच सूर. कळतंय की सगळं इथून, तू कशाला धावत येतेस... भावाचा सूर. दर रविवारी सकाळी ती भावाला फोन करायची. आई जेवते का? जेवते. झोप लागते? लागते. औषधं? वेळच्या वेळी. तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि मग ती निर्धास्तपणे तारेची रिळं मोजायला लागायची. असे किती रविवार गेले? चार वर्षं झाली त्याला. शेवटी सहज म्हणून, न कळवता गेली, तेव्हा आई खाटेवर होती. स्वच्छ, केस विंचरलेले, अंगावर धुतलेली चादर. तोंड भिंतीकडे. पंख्याचा वारा लागतो म्हणून कुणीतरी खाट फिरवली होती, आणि आईला आता स्वतःहून कूस बदलता येत नव्हती... आई काय म्हणाली? रडली नाही, तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "आलीस? बरं झालं. मला जरा खिडकीकडे वळव."

त्यानंतर तीन आठवड्यांनी आई गेली. त्या दिवसापासून तिने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. खोटं बोललास माझ्याशी, असं त्याला चार माणसांत सुनावून ती निघून आली होती, आणि तो दाराशी नुसता उभा राहिला होता.

बस थांबली.

त्या सातांतलं हे दुकान म्हणजे अवाढव्य पेटीच, आत वर पांढरे दिवे आणि कुठेही न संपणारी गुळगुळीत फरशी. बादल्या, झाडू, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. चौथ्या रांगेत ब्रश. तिचे सरळ ब्रश ओळीने लटकत होते, ओळखीच्या माणसांसारखे. आणि त्यांच्या शेजारी 'वाकड्या मानेचा ब्रश' अशी नीट छापलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या वर लोखंडी आकडा. रिकामा.

तिला काय झालं असेल तर आनंद झाला. लाज वाटावी इतका. पडद्यावरचा आकडा भरलेला आणि इथला आकडा मोकळा—आता बोला, भाऊजी!

"काय शोधताय काकू?"

चाळिशीची एक बाई, चष्मा कपाळावर, कमरेला बारकोड वाचायचं यंत्र. काकू म्हणण्याइतकं अंतर दोघींत खचित नव्हतं. पण तो मुद्दा तिने सोडून दिला.

"हा ब्रश हवा होता."

बाईने यंत्र चिठ्ठीवर धरलं. टिक् वाजलं. "आहेत की. सहा आहेत."

"कुठे?"

बाईने रिकाम्या आकड्याकडे पाहिलं, मग पुन्हा यंत्राकडे. "मशीन तर सहा म्हणतंय."

"मग मशीनला म्हणावं, त्यातला एक दे."

बाईला हसू आलं, पण ते तिने आवरलं. "तुम्ही सरळवाला घ्या ना. काम तेच."

"काम तेच नाही. मी करते हे ब्रश. मी करणारी आहे." आवाज चढला होता; एका गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. वळू दे. "अकरा आठवडे तुमचं मशीन सहा म्हणतंय, म्हणून तुम्ही नवे मागवत नाही, आणि विकले जात नाहीत म्हणून माझा माल बंद करायला निघालात. नसलेली वस्तू लोकांनी घ्यायची कशी? शून्य करा तो आकडा."

"शून्य असं करता येत नाही हो. कारण घालावं लागतं. चोरी, मोडतोड की गहाळ. त्यावर साहेबांची मंजुरी, आणि साहेब येणार संध्याकाळी."

"मी थांबते."

"संध्याकाळपर्यंत?"

"एकोणीस वर्षं थांबलेय. संध्याकाळचं काय घेऊन बसलात."

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग सरळ ब्रशांची एक रांग बाजूला सारली, मोबाइलचा दिवा लावला आणि मांडणीच्या आत डोकावली. "या मांडण्या नव्या आहेत," ती आतून म्हणाली. "सात दुकानांत बसवल्यात. यांना मागे पत्राच नाही, वस्तू घरंगळतात..." आणि ती थांबली. "काकू, जरा खाली बसता येतंय का बघा."

तिने गुडघे टेकले. फरशी थंड होती. तळाच्या फळीमागे भिंत आणि मांडणी यांच्यामध्ये चार बोटांची फट होती, आणि त्या फटीत धुळीचे पुंजके, एक प्लास्टिकचा चमचा, लहान मुलाचा एक मोजा, आणि पिशव्या. तिच्या ब्रशच्या पिशव्या. तिने हात घातला. एक. दोन. दंडाला पत्र्याची धार लागली. तीन, चार. बाई दिवा धरून होती. पाच. सहावा अगदी कोपऱ्यात, हाताला लागेना; तिने खांदा फटीत घातला आणि बोटांच्या टोकांनी तो ओढून आणला.

सहा.

प्रत्येक पिशवीचं लोखंडी आकड्यात अडकवायचं वरचं भोक फाटलेलं होतं—एकाच बाजूला, डावीकडे. तिला बघताक्षणी कळलं. मान वाकडी म्हणून वजन एका बाजूला; भोक मधोमध; पिशवी तिरकी लटकायची, थोडी थोडी फाटत जायची, आणि एके दिवशी मागच्या मागे... म्हणजे मीच. भोक कुठे पाडायचं ते मीच ठरवलं होतं. चोरी नाही, कुणाचा खोटेपणा नाही. मशीन सहा म्हणत होतं आणि सहाच होते. दीर बरोबर होता, हे पोरकट यंत्रसुद्धा बरोबर होतं, आणि मी इथे जमिनीवर बसलेय, हाताला धूळ...

जेवते. झोपते. औषध वेळच्या वेळी.

हेही खरंच होतं की. आई जेवत होती. झोपत होती. भाऊ एकही शब्द खोटं बोलला नव्हता, आणि ती त्याला खोटारडा म्हणून आली होती, आणि तो दाराशी उभा राहिला होता कारण... कारण त्याला खरोखरच कळलं नव्हतं आपलं काय चुकलं. जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. मी विचारलंच काय होतं? तीन प्रश्न, दर रविवारी तेच तीन, उत्तरं आधीच ठाऊक असलेले. आईचं तोंड कुणीकडे आहे असं कुणी विचारतं का? नाही विचारत. पण म्हणून... म्हणून सगळं फिटलं का? सगळे बरोबर, आणि आईसमोर भिंत! नाही. हे मला मान्य नाही. बरोबर असणं एवढंच पुरत नाही, भाऊजींना नाही, भावाला नाही, मला तर नाहीच नाही.

"मिळाले ना?" बाई म्हणत होती. "आता असं करा, हे सहाही तुम्हीच घेऊन टाका. तासाभरात आकडा उतरेल, नवीन मागणी आपोआप लागेल. कुणाला विचारायला नको."

युक्ती नामी होती. क्षणभर तिचा हात पैशांसाठी आपल्या पिशवीकडे गेलाही.

"माझी वस्तू मीच घ्यायची? आणि लोकांनी घेतली म्हणून त्यांना दाखवायचं?"

"मग मोडतोडीत टाकते. पिशव्या फाटल्यात."

"मोडलंय काय यात? पिशवी फाटलीय. ब्रश धडधाकट आहे." ती उठली, गुडघे कडकडले. रुमाल काढून तिने एकेक पिशवी पुसली, खालच्या फळीवरची एक छोटी बादली उचलली, त्यात सहाही ब्रश माना वर करून उभे केले, आणि बादली डोळ्यांच्या उंचीवर, बरोबर चिठ्ठीसमोर ठेवली.

"असं नाही चालत हो. मांडणीचा आराखडा असतो आमचा, फोटो काढून पाठवावा लागतो."

"पाठवा ना. आणि आराखडा ज्यांनी काढला त्यांना म्हणावं, एकदा इथे खाली बसून बघा."

बाईने बादलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "साहेब येईपर्यंत राहू दे," ती हळूच म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही."

फोन वाजला. दीर.

"काय वहिनी, निघाला का आकडा खोटा?"

"सहा आहेत. तुमचा आकडा बरोबर होता."

"बघा! मी म्हणत नव्हतो—"

"आकडा बरोबर आहे आणि पत्र चूक आहे. ब्रश मांडणीमागे पडले होते, सातही दुकानांत तेच असणार. तसं लिहून कळवा त्यांना."

"ऐकतील का ते?"

"न ऐकू देत. लिहा. आणि पिशवीचं भोक उद्यापासून डावीकडे पाडायचं."

"एवढं करण्यापेक्षा मानच सरळ केली तर—"

"भोक बदलीन. मान नाही."

तिने फोन बंद केला. निघायला हवं होतं. पण ती निघाली नाही. रांगेच्या टोकाशी, साबणांच्या खोक्यांआड ती उभी राहिली, चोरासारखी. दोन बायका बोलत बोलत निघून गेल्या. एक म्हातारे गृहस्थ झाडू घेऊन गेले. मग हातात यादी घेतलेली एक स्त्री आली, थांबली. तिने बादलीतला एक ब्रश उचलला. फाटकी पिशवी बाजूला करून केसांवरून बोट फिरवलं. वाकड्या मानेकडे कपाळाला आठी घालून पाहिलं, एक काल्पनिक बाटली डाव्या हातात धरून ब्रश तिच्यात फिरवूनही पाहिला... खांद्याशी, अगदी बरोबर तिथेच. साबणांच्या खोक्यावर ठेवलेली हिची बोटं घट्ट झाली. मग त्या स्त्रीने नकारार्थी मान हलवली, ब्रश परत बादलीत ठेवला, शेजारचा सरळ घेतला आणि गेली.

हे लागायला हवं होतं. लागेल म्हणून ती वाट पाहत राहिली, आणि लागेना. घेतला नाही, पण हातात घेऊन, फिरवून, मनाशी काहीतरी ठरवून मग घेतला नाही. अकरा आठवड्यांत त्याला कुणी पहिल्यांदाच नको म्हटलं होतं. सकाळपासून, सकाळपासून कसला, चार वर्षं छातीत धरून ठेवलेला तो राग तिने चाचपून पाहिला, तर तो होता तिथे नव्हता. त्याच्या जागी दुसरंच काही होतं, रागाइतकंच ताठ, पण कुणावर रोखलेलं नाही, आणि त्याचं काय करायचं हे तिला अजून कळत नव्हतं. दंडावरचा ओरखडा चुरचुरत होता. बादलीतले सहा ब्रश तिने इथूनच पुन्हा एकदा मोजले, आणि ती तिथेच उभी राहिली, पुढच्या माणसाची वाट बघत.