चौकोनाचा चौथा कोपरा

पाटीच्या मधोमध सुरू होऊन उजव्या काठाशी दाटीवाटीनं उभी राहिलेली अक्षरं.

एक गाल गुळगुळीत, एक दाढीच्या खुंटांचा.

घड्याळाचं चित्र. बारापासून सहापर्यंत सगळे आकडे, पलीकडे कोरा कागद.

ताटाच्या अर्ध्या भागात भाजी जशीच्या तशी, आणि जेवणारा म्हणतो, “अजून वाढ.”

हे सगळं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं. एप्रिलमध्ये मेंदूला झटका आला, तेव्हापासून डावीकडचं जग त्याच्या लेखी उरलंच नव्हतं. डोळे शाबूत होते; लक्षच तिकडे वळत नव्हतं.

“पानगळ सुरू होईपर्यंत वाट पाहू,” डॉक्टर म्हणाले होते. “तोवर फरक पडला नाही, तर...” पुढचं वाक्य त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

मग जेवण अर्धं झालं की बायको त्याचं ताट फिरवून ठेवायची. बोलायचं असलं की वळसा घालून उजवीकडे यायची.

त्या दोघांची एक जुनी पैज होती. पानगळीची पहिली खूण जो दाखवेल तो जिंकला. हरणाऱ्यानं माळ्यावर चढून रजया काढायच्या. यंदा ती गप्प होती. कठड्यावर दव दिसलं, तिनं पदरानं पुसून टाकलं. तारेवर पाकोळ्या जमल्या, तिनं पडदा ओढला. जिंकायचीच तिला भीती वाटत होती.

गेल्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर, पूर्वेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन वर आला. दरवर्षी तो पेंटरच दाखवायचा.

“किती तारे दिसतात?” तिनं विचारलं होतं.

“दोन. तुला किती हवेत?”

आज दिवेलागणीनंतर तो गच्चीवर शाल पांघरून बसला होता. ती जिन्याच्या दिव्याच्या उजेडात वाळलेले कपडे काढत होती. दोरी त्याच्या डाव्या हाताला, झाडाच्या फांदीखाली. चादरीची घडी घालत ती तिथेच उभी राहिली. वळसा घालायचं आज त्राण नव्हतं.

“गार पडलंय. खाली चला आता.”

“थांब.” त्यानं सावकाश मान वळवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. “केसात पान अडकलंय तुझ्या. पिवळं.”

तिच्या हातातली घडी सुटली.

“हरलीस,” तो म्हणाला. “चढ माळ्यावर.”

“आणि वर?” तिनं पूर्वेकडे बोट दाखवलं. “वर किती आहेत, पेंटरसाहेब?”

त्यानं आकाशाकडे पाहिलं. पाटीवर चौकट आखावी तसं त्याचं बोट हवेत फिरलं. चार वेळा थांबलं.

“चौथा जरा फिका आहे. रंगाचा दुसरा हात मारावा लागेल.”

ती हसली, आणि मग चादरीत तोंड खुपसून उभी राहिली. पान तिनं काढलं नाही. माळ्यावरून रजया खाली देतानाही ते तिथेच होतं.

आज सकाळी ती ताट फिरवायला विसरली होती. ताट रिकामं परत आलं होतं.