केशरी भिंतीवरचे हात

स्वयंपाकघर आपल्या मनासारखं करून घ्यायचं, एवढा एकच हट्ट दुर्गेश्वरीने लग्नानंतर धरला होता. धुराने काळवंडलेल्या फळ्यांच्या जागी तिला पोपटी कपाटं हवी होती, खाली निळ्या फरशा आणि भिंती अशा केशरी, की पाहुण्याने दारातच थबकावं. सासू निर्मलाबाई हसल्या होत्या. "रंगव बापा, मंडईच्या जत्रेतल्या पाळण्यावानी रंगव. फक्त चुलीमागची भिंत सोडून दे."

त्या भिंतीवर आचलचे हात होते. या घरची लेक सासरी निघाली की हळदीच्या तेलात तळवे बुडवून तिथे उमटवायची आणि मागे न पाहता उंबरा ओलांडायची. आचल तशीच अर्जुनी मोरगावला गेली, आणि पहिल्याच बाळंतपणात बाळासह गेली. दुर्गेश्वरीने नणंदेला कधी पाहिलं नव्हतं; तिची ओळख या दोन पंज्यांपुरतीच. डावीकडच्या पंज्याची करंगळी अर्धी होती. धान कापताना विळ्याने गेलेली.

बाकीच्या भिंतींना केशरी रंग चढला, तशी ही भिंत ठिगळासारखी दिसू लागली. निर्मलाबाई भावाकडे कामठ्याला गेल्या, तेव्हा दुर्गेश्वरीने पंज्यांचा मोबाइलवर फोटो काढला. चौकटीत लावून दिला की आईंचं मन राहील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"अम्मा काय म्हणन, भाभी?" रंगारी गुलाबचंदने विचारलं.

"त्यायले मी समजावतो. तू पुट्टी मार."

रंग वाळला आणि त्यातून पिवळट डाग वर आले. गुलाबचंदला नवल वाटलं नाही. "तेल होय ते. तेल वर येतेच." त्याने भिंत प्लास्टरपर्यंत खरवडली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पंजे पुन्हा उमटले. या खेपेला गडद, ओलसर. तो हातातला ब्रश विसरून पाहत राहिला.

"भाभी, ते आखूड बोट या बाजूले होतं का?"

दुर्गेश्वरीने मोबाइलमधला तो फोटो उघडला. फोटोत अर्धी करंगळी डावीकडे होती. भिंतीवर ती उजवीकडे होती.

गुलाबचंदने आपले तळवे हवेत धरून पाहिले, उलटसुलट केले. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "पलीकडून हात टेकले, तरच असे दिसन." भिंतीपलीकडे मोकळं अंगण होतं आणि धानाच्या तणसाचा ढीग. तो रंगाचे डबे आवरू लागला. दुर्गेश्वरीने त्याला थांबवलं नाही.

निर्मलाबाई परतल्या, तशी ती त्यांच्या पायाशी वाकली. "आई, माझं चुकलं. तुमी नाई म्हटलं होतं, तरी मी..."

सासूचं लक्षच नव्हतं. अर्ध्या करंगळीच्या टोकाला बोट टेकून त्या उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. दुर्गेश्वरीने रागाचीच तयारी केली होती. या शांततेची तिला भीती वाटली.

"तेव्हा जाऊन राहिली होती," निर्मलाबाई म्हणाल्या. "आता येऊन राहिली."

"मंग मी काय करू, आई?"

"काऊन, घरची लेक आली तं काय करतेत? ताट वाढ."

पोपटी कपाटातून दुर्गेश्वरीने नवं ताट काढलं. रंगकामापुरत्या ओसरीवर मांडलेल्या शेगडीवर शिजलेला भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि ताट भिंतीशी ठेवायला ती खाली बसली. तेव्हा तिला दिसलं. निळ्या फरशीच्या वर वीतभर, केशरी रंगातून आणखी एक डाग उमटू लागला होता. रुपयाएवढा. त्याला पाच बारीक टोकं फुटत होती.

ती किंचाळली नाही. उठली, कुणी न सांगता वाटीभर दूध कोमट करून आणलं आणि ताटाच्या शेजारी ठेवलं. नव्या स्वयंपाकघरातलं तिचं ते पहिलं वाढणं होतं.

वाटी जरा लांब राहिली असं वाटून तिने ती भिंतीकडे सरकवली.