फरशीच्या ब्लीचचा प्रयोग

साबणात घालायचा सुगंध बनवणाऱ्या त्या कारखान्यात धाकटी प्रयोगशाळेत होती आणि तिचा दादा खाली टाकीवर. क्रोमची नारिंगी पूड आम्लात कालवून तो टाकीत सोडायचा, तेव्हा कुठे अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन हवा तो वास हाती यायचा. त्या पुडीने दादाच्या नाकातला पडदा खाऊन आरपार भोक पाडलं होतं. "दोन नाकपुड्या आता एकत्र नांदतात, मधली भिंतच पडली," असं तो हसत सांगायचा. धाकटीला हसू येत नसे. दादाला त्या क्रोमपासून सोडवायचं, एवढं एकच तिने डोक्यात घेतलं होतं.

उत्तर सापडलं तेही फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये! अल्कोहोलमध्ये व्हिनेगरातलं आम्ल घालायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि ब्लीच थेंब थेंब सोडायचं. काम तेच, विषारी गाळ नाही, मागे उरतं ते खारं पाणी. आणि ब्लीच तर मातीमोल.

नाकाचा विषय निघाला की मालकांना नेमका फोन आठवायचा. म्हणून प्रयोग दाखवताना तिने वेगळाच सूर लावला. "साहेब, यात कसब काही लागत नाही. हळूहळू नळ सोडायचा आणि थंड ठेवायचं. काल आलेला माणूससुद्धा करील."

मालकांचा चेहरा खुलला. तिला वाटलं, गड सर झाला.

क्रोमची पिंपं गेली, आणि पाठोपाठ दादाही. काल आलेला माणूस स्वस्तात मिळत असताना मुरलेला माणूस कोण पोसतो? ती रदबदली करायला गेली, तर मालक गोड हसून म्हणाले, "अहो, तुम्हीच तर म्हणालात!" तिने आपल्याच जिभेला लाख शिव्या घातल्या.

दादा घरी बसला. वहिनीने तिच्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस नाल्यापलीकडच्या कारखान्याने दादाला हातोहात उचललं. तिथे अजून क्रोमच चालायचं, आणि त्यांना अनुभवी माणूस हवाच होता.

धाकटी धावत घरी आली. "दादा, तिथे वाफ ओढायला पंखासुद्धा नाही रे! मी भेटते त्यांच्या मालकाला. ही पद्धत फुकट देते."

दादा बूट चढवत होता. "भेट की," तो म्हणाला. "फक्त त्यानंतर मी कुठे जायचं, तेवढं आधी ठरवून ये."

तो कामावर निघून गेला. धाकटी त्या मालकाकडे कधीच गेली नाही.