वैशालीच्या सभेतली लाल शलाका

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर वीतभर लाकडाची एक जुनी काडी, एवढेच तुम्हाला दिसेल. पण मी साधीसुधी काडी नाही, वैशालीच्या सभागृहातली शलाका आहे! लिच्छवींच्या सभेत एकमत झाले नाही की आम्हाला बाहेर काढतात. ज्या बाजूच्या शलाका जास्त भरतील, ती बाजू जिंकते. मोठमोठे राजे माझ्याकडे डोळे लावून बसलेले मी पाहिले आहेत. आणि आमच्याकडे राजे काही थोडेथोडके नाहीत, घरटी एक आहे.

सोणक नावाच्या म्हाताऱ्याने महावनातल्या सालवृक्षाच्या फांदीतून मला घडवले. शलाका सांभाळायच्या आणि मते मोजायची, हे त्याचे काम. आमच्यातल्या निम्म्या त्याने नीळ लावून निळ्या केल्या, निम्म्या लाखेने लाल. मी लाल. काय तो माझा रंग होता!

लिच्छवींना रंगांचे भारी वेड. निळ्या घराण्यातल्या माणसाचे वस्त्र निळे, दागिने निळे, घोड्याचा साजही निळा. तसेच लाल घराण्यांचे, पिवळ्यांचे आणि पांढऱ्यांचे. लाल घराणी सगळ्यांत जास्त होती. सभा भरली की निम्मे सभागृह लालेलाल होऊन जाई. आणि काय सांगू, मी एकदाही हरले नव्हते! लाल शलाकेचा अर्थ काय, हे सोणक दर वेळी नव्याने ठरवी, तरी जिंकायचो आम्हीच. मला वाटे, लाल बाजूच शहाणी असते. मी त्या तोऱ्यात वर्षानुवर्षे राहिले.

मग तो उन्हाळा आला. गावकुसाबाहेरच्या कुंभारवाडीतल्या विहिरी आटल्या, गुरे माना टाकू लागली. वाडीत पुण्णा नावाची म्हातारी राहत असे. लाल घराण्यातल्या तिकण्ण राजाला तिने अंगावर पाजून वाढवले होते. ती आजारी आहे हे कळल्यावर तो भेटायला गेला. तिने त्याच्यापुढे अर्धी वाटी गढूळ पाणी ठेवले. घरात तेवढेच होते. तिकण्ण तिथून उठला तो थेट सभेत आला.

"पाऊस पडेपर्यंत मंगल पुष्करिणीवरचं जाळं काढावं आणि कुंभारवाडीला पाणी भरू द्यावं," तो म्हणाला. "मान्य असेल त्यांनी गप्प बसा. नसेल त्यांनी बोला."

ही पुष्करिणी म्हणजे नगरातले पवित्र तळे. पुष्करिणीचे पाणी फक्त राजांच्या अभिषेकाचे. पाखराची चोचही बुडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी जाळे आणि चारी बाजूंना पहारा. सूचना तीन वेळा मांडायची आणि तिन्ही वेळा कोणी बोलले नाही तर ती मंजूर, अशी आमची रीत. पहिल्यांदा कोणी बोलले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी निळ्या घराण्यातला भद्रजित उभा राहिला.

"तिकण्णदादा, तुझं मन मोठं आहे. पण आज घडा बुडाला की उद्या म्हशी डुंबायला येतील."

"म्हशी जगल्या तर येतील ना," तिकण्ण म्हणाला.

झाले, आम्हाला बाहेर काढले! सोणकने जाहीर केले, "जाळं काढायचं असेल तर निळी, पाण्याचा रंग आहे तो. राहू द्यायचं असेल तर लाल." आतल्या खोलीत झाकलेली टोपली आणि शलाकांचे ताट ठेवले होते. एकेकाने जायचे, ताटातली एक शलाका उचलून टोपलीत टाकायची. तिकण्ण आला. त्याचा तळहात घामाने भिजला होता. त्याने मला उचलले आणि टोपलीत टाकले. मी खुशीत! आपल्याच सूचनेविरुद्ध त्याने मत दिले, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

लाल शलाका नऊने जास्त भरल्या. सूचना पडली.

तिकण्णने कपाळाला हात लावला आणि तो तसाच खाली घेतला. घामाने माझी लाख सुटून त्याच्या अंगठ्याला लागली होती. मूठ मिटून तो गप्प बसला असता तर कोणालाही कळले नसते. पण तो उठला.

"सोणकबाबा, मोजणी रद्द करा. मी लाल टाकली."

"का रे बाबा?"

"लाल दिसली, उचलली. जन्मभर तेच करत आलोय."

सभा खो खो हसली. "स्वतःच्या सूचनेला लाथ मारणारा राजा आज बघितला," मागून कोणीतरी ओरडले. तिकण्णची मान खाली गेली. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

तेवढ्यात भद्रजित उठला. "हसू नका. विरोध मी केला, आणि हे बघा." त्याच्या अंगठ्याला नीळ लागली होती.

मग जो तो स्वतःचा अंगठा बघू लागला. हसू कुठल्या कुठे पळाले. पिवळे आणि पांढरे तेवढे निवांत होते. त्यांच्या रंगाची शलाकाच नसल्यामुळे त्यांना विचार करावा लागला होता.

सोणकने मोजलेल्या शलाका पुन्हा गोळा केल्या. "चाळीस वर्षं मी मोजत काय होतो?"

त्याने सुरी मागवली आणि तिथेच आम्हाला तासायला घेतले. मित्रांनो, माझा रंग गेला तेव्हा मी आतल्या आत रडले. सगळ्या शलाका एकसारख्या पांढुरक्या झाल्या. मग निम्म्यांवर त्याने खाच पाडली, त्यात मी होते. खाच म्हणजे जाळे काढा.

पुन्हा मतदान झाले. लाल घराण्यातल्या एका वृद्ध राजाने मला उचलले, डोळे मिटून खाच चाचपली, मला खाली ठेवले, पुन्हा उचलले. एवढा वेळ मला कोणी हातात धरले नव्हते! शेवटी त्याने मला टोपलीत टाकले.

खाचेच्या शलाका चारने जास्त भरल्या!

त्या आनंदात सोणक टोपली काखेत घेऊनच पुष्करिणीकडे धावला, म्हणून पुढचे मला पाहता आले. जाळ्याचे एक टोक तिकण्णने धरले, दुसरे भद्रजितने. गंजलेले जाळे करकरत वर आले. कुंभारवाडीची माणसे घडे घेऊन उभी होती, पण कोणाचे पाऊल पुढे पडेना. शेवटी पुण्णा म्हातारी सुनेचा हात धरून उतरली आणि ओंजळभर पाणी प्यायली.

"हे तुम्ही डोक्यावर ओतून घेता?" तिने विचारले.

"हो, पुण्णाआई."

"एवढं गोड पाणी?"

तिकण्ण तिचा घडा भरू लागला.

आता मी पेटीत पडून असते. मला पुन्हा रंगवा असे मी म्हणणार नाही. पण पेटीत धूळ साचते आणि माझी खाच बुजत जाते. मित्रांनो, इकडे आलात तर ती नखाने तेवढी साफ करा. पुढच्या वेळी कोणी मला चाचपून विचार करू लागले, तर त्याच्या बोटाला ती लागली पाहिजे.