काटा विजेकडे बघतो

आकाशात वाट चुकलेल्या माणसाला दोघंच तारतात: एक परमेश्वर आणि दुसरं विमानांना दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र. या दुसऱ्या खात्यात नारायणरावांनी चौतीस वर्षं इमानानं काढली होती. हे थोर सत्य ते देवासच्या आपल्या गच्चीवर मनाशी घोकत होते, तेव्हा त्यांच्या हातात दोन सेलांचा ट्रान्झिस्टर होता, खांद्यावर सुभद्राबाईंचा वाळत घातलेला परकर घसरून पडला होता, आणि ते जागच्या जागी गोल फिरत होते.

शेजारच्या गच्चीवरून उमाशंकर ओरडला, "क्या भिया, रेडियो को परिक्रमा करवा रिये हो?"

"खरखर तपासतोय," नारायणराव म्हणाले. घाबरले की त्यांचा आवाज सरकारी होई.

त्यांची नात उर्वशी आज पहिल्यांदाच विमान घेऊन एकटी लांब उडत होती. धारच्या धावपट्टीवरून सतवासपर्यंत जायचं आणि परत. साडेपाचला उतरून फोन करणार होती. पावणेसहा वाजून गेले होते.

रविवारी नारायणरावांनी तिला फोनवर तासभर शिकवलं होतं. "तो तुझा नकाशाचा टॅबलेट बंद पडला तर? समोर जुना रेडिओचा काटा आहे ना, तो इंदूरच्या मीडियम वेव्हला लाव. तो केंद्राकडेच तोंड करतो. बाकी कुणावर नको, काट्यावर विश्वास ठेव." सेवेतली सगळी वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं. त्यांचं स्वतःचं केंद्र केव्हाच बंद झालं, खांब भंगारात गेला. ऐकणारी ही एकच उरली होती.

आणि एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. वीज चमकली की काटा केंद्र सोडून विजेकडे वळतो. त्यांच्या तरुणपणी एक वैमानिक असाच काट्यामागून गेला, तो परतलाच नाही. नंतर खात्यात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

ट्रान्झिस्टर विशिष्ट कोनात आला की इंदूरचं गाणं मरे आणि नुसता कडकडाट उरे. आणखी वळवला की कडकडाट मावळे. टोकाच्या दिशेनं येणारं रेडिओला ऐकू येत नाही; म्हणजे वीज त्या डबीच्या टोकाच्या रेषेत. पण रेडिओ रेषा सांगतो, कुठल्या टोकाला ते सांगत नाही. ते बघायला नारायणरावांनी मान वर केली. सतवासच्या बाजूचं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं.

त्यांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"अहो, किती वाजले?" खालून सुभद्राबाई. "या घड्याळात मघापासून चार दहाच दिसतायत!"

"होतील पाच," नारायणराव म्हणाले. बायकोला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले. प्रत्येक कडकडाटाला ट्रान्झिस्टर खाकरे, आणि नारायणराव मोजत: आता काटा वळला असेल. आता पोरगी वळली असेल.

सहा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. तो दोनदा हातातून निसटला.

"आजोबा! उतरले. टॅबलेट बंद पडला ना, चार्जिंगच केलं नव्हतं मी. मग तुमचा काटा लावला."

"मग?"

"पहिल्यांदा एकदम बरोबर. मग वीज चमकली की तिकडे उडी मारायला लागला, बिल्कुल पागल. मी तर डरलेच. मग खाली बघितलं, तर नर्मदा. तिच्या काठाकाठानं आले, मांडूचा डोंगर दिसला तशी उजवीकडे वळले."

नर्मदेला कुणीही सेल घातले नव्हते.

"उर्वशी, एक सांगायचं राहिलं होतं. वीज चमकली की काटा..."

"बघितलं ना आजोबा मी."

"हो. तू बघितलंस."

फोन ठेवून त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. परकर नीट झटकला, दोरीवर घातला, चिमटा लावला. मग कठड्याला धरून एकेक पायरी खाली आले.

जिन्याच्या तळाशी सुभद्राबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला, हातातला ट्रान्झिस्टर बघितला, आणि तळहात पुढे केला.

"पोचली ना पोरगी? मग आता घड्याळाचा सेल तेवढा द्या."