डाव्यातली

शिकाऊ शिक्षिकेला पोरं ‘बाई’ म्हणत नाहीत, ‘ताई’ म्हणतात. टोकरखाड्याच्या भक्तीचा जीव ‘बाई’ या एका शब्दासाठी तळमळत होता. सिल्वासातल्या त्या मराठी शाळेत तिचा पहिला पाठ पार आपटला होता. चौथीचा वर्ग ढिम्म बसून राहिला आणि मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक सर जाताना म्हणाले, “हे काम आपलं आहे का, याचा जरा घरी विचार करा.” दुसरा पाठ पडला असता तर वर्षच बुडालं असतं.

वर्गशिक्षिका नलिनीबाईंनी तिला बाजूला घेतलं. “अगं, रडतेस काय? ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. सरांना मागून नुसते हातच हात दिसतात. तू उजव्यांनाच विचार. आम्ही सगळ्या अशाच पास झालो.”

भक्तीला ते पटलं नाही, पण अडला हरी! पोरांकडून तिने घोटून घेतलं. मसाटच्या कंपनीतल्या कामगाराची सोनम धुळ्याकडून नुकतीच आलेली. तिचा कायम डावा हात. “शाब्बास, अस्साच ठेव!” भक्ती म्हणायची आणि पोरगी हरखून जायची. बिचारीला शाब्बास म्हणणारं तिथे दुसरं होतं कोण?

पाठाच्या दिवशी भक्तीने विचारलं, “अर्धी भाकरी मोठी की पाव?” हातांचं रान उठलं. सोनमचा उजवा हात वर होता. बाकावरून ती जवळजवळ उभीच राहिली होती. भक्तीने ते पाहिलं. गोंधळली असेल कार्टी, उगाच धोका कशाला, असं मनाशी म्हणत तिने पलीकडच्या आशिषला उठवलं. सोनमचा हात बराच वेळ तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

“आता शिक्षिका शोभता,” सर म्हणाले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. भक्तीने पेढे वाटले, पण तो खाली येणारा हात काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी तिने तोच प्रश्न पुन्हा घातला. “आज सर नाहीत. ज्याला येतं त्यानेच हात वर करायचा, बरं का.”

सोनमने हात वर केला. डावा.

भक्ती तिच्या बाकापाशी जाऊन वाकली. “सांग बाळा, अर्धी की पाव?”

“अर्धी. मायनं भाकर मोडून दाखवली व्हती.”

“म्हणजे त्या दिवशीही येत होतं तुला?”

“हो.”

“मग आज डावा का गं केलास?”

सोनमच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना रुसवा. पाठ झालेलं उत्तर द्यावं तसं तिने सांगितलं, “मी डाव्यातलीच ना, बाई.”

भक्तीला ‘बाई’ म्हणणारी ती पहिलीच.